तुम्ही विचारलंत म्हणून: “तिथं तुझं काय काम?”

पुण्याला गेले की मावशी विचारते, इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला गणपतीच्या रांगेत उभी असले की मंडळाचे काका विचारतात. प्रश्न एकच: “कवितेची एवढी आवड आहे, तर मराठी मंडळात वाच की. त्या इंग्रजीत लिहिणाऱ्या पोरांमध्ये तुझं काय काम?”

काम म्हणाल तर खुर्च्या मांडायचं. लायब्ररीच्या तळघरातली खोली महिन्यातून एकदा फुकट मिळते, पावणेनऊला रिकामी करून द्यावी लागते. आई-वडील किंवा आजे-पणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका इथून कधीतरी बाहेर पडले, अशी पंधरा-वीस जणं येतात. कविता वाचतात, एकमेकांना झोडपतात आणि वर्षाकाठी एखादी पुस्तिका झेरॉक्स करून, दुमडून, स्टेपल मारून काढतात. खर्च म्हणजे कागद आणि समोसे. गटाला अजून धड नावही नाही, त्यावर दोनदा भांडणं झालीत.

पहिल्याच बैठकीत एका मुलीच्या इंग्रजी कवितेत ‘आजी’ आली. ग्रँडमा नाही, आजीच. चहाच्या वेळी मी आनंदाने विचारलं, “मराठी का तू?” ती हसली. घर न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या रिचमंड हिलला, माणसं दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची. हा ‘आजी’ शब्द भोजपुरी, म्हणजे बापाची आई. 1838 पासून कलकत्त्याहून तिथल्या ऊसमळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले गेले, त्यांच्याबरोबर गेलेला. घरात भोजपुरी आता कुणाला येत नाही. आजी, आजा, नानी एवढंच उरलंय.

हीच कविता तिने आधी कॉलेजच्या वर्गात दिली होती. ‘आजी’खाली रेघ मारून परत आली: ही कोण? तळटीप द्या. आमच्या खोलीत आजी कोण हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते असं, की दुसरं कडवं एवढं लांब का, आणि आजी मेल्यावरच कवितेत का येते? मी तिथे जाते ती याचसाठी. समजावून सांगण्यात वेळ जात नाही, म्हणून कवितेबद्दल बोलायला वेळ उरतो. (सगळं छान असतं असं नाही. आंबा, हळद आणि आईची साडी यांचा इतका सुळसुळाट झाला, की एकदा महिनाभर आंब्यावर बंदी घालावी लागली.)

आणि मंडळाच्या काकांना एक आठवण करून द्यायची आहे. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ ही कवितामाला 1976 मध्ये इंग्रजीत आली, ती कोणत्या मोठ्या प्रकाशकाकडून नव्हे. कोलटकर, आदिल जुस्सावाला, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा या कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ काढलं आणि स्वतःच पुस्तकं छापली. मुखपृष्ठं कोलटकरांची. पुढच्याच वर्षी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कवींनी कवींसाठी खुर्च्या मांडायची रीत आपल्याकडचीच आहे.

अलीकडे मिनल हजरतवाला, एलन कोंबियिल आणि शिखा मालवीय यांनी ‘द (ग्रेट) इंडियन पोएट्री कलेक्टिव्ह’ त्याच धर्तीवर चालवलं. यातल्या शिखा मालवीय यांचं 2023 चं पुस्तक म्हणजे आनंदीबाई जोशींचं कवितांमधून सांगितलेलं चरित्र. आमच्या गटात ते वाचलं गेलं तेव्हा मराठी अशी मी एकटीच, त्यामुळे त्या दिवशी भाव खाल्ला. आनंदीबाई 1883 मध्ये अमेरिकेत आल्या आणि उतरल्या त्या न्यू जर्सीतल्याच रोझेलला, मिसेस कार्पेंटरबाईंच्या घरी. माझ्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर.

मग एका रविवारी आम्ही सहाजण न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत गेलो. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे आल्या आणि त्यांच्याच कुटुंबाच्या जागेत पुरल्या गेल्या. दगडावर लिहिलंय, शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री. मला भरून आलं. गयानाची मुलगी वाकून बराच वेळ अक्षरं वाचत होती. मग म्हणाली, “माझ्या आजीची पणजी हिच्या आधी निघाली असणार. तिचंही नाव लिहिलेलं आहे, बोटीच्या यादीत. बापाचं नाव, जात, गाव, सगळं.”

परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. मी ठेपले काढले.

त्यावर ती कविता लिहितेय. तिसरा खर्डा झाला. दुसरं कडवं अजूनही लांबच आहे.