मलांडा म्हणजे महाबळेश्वर नव्हे

गावाकडच्या मंडळींना मी कधी इकडची छायाचित्रे पाठवली की एक प्रश्न हमखास येतो: "हे तर आपले महाबळेश्वरच की! मग तुम्ही तिथे नुसती थंड हवाच खात असाल, नाही का?" परवा मामांनीही तेच विचारले. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन माझेच समाधान होत नाही. म्हणून, तुम्ही विचारलेत तर आता सविस्तर सांगतो.

मी मूळचा कराडजवळचा. शिक्षणाने गुरांचा डॉक्टर आहे आणि गेली अकरा वर्षे मलांडा या गावात राहतो. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडे, क्वीन्सलंड राज्यात, अ‍ॅथर्टन टेबललँड नावाचे पठार आहे. त्या पठारावर सुमारे 730 मीटर उंचीवर वसलेले हे जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव आहे. केर्न्सच्या किनाऱ्याकडून वर यायचे तर गिलीज हायवेचा घाट चढावा लागतो. त्याच्या 19 किलोमीटरांत 263 वळणे आहेत, असे इथले शाळकरी मूलही तुम्हाला सांगेल. कुंभार्ली घाट ज्याने एस.टी.तून पार केला आहे, त्याला या वळणांचे भय वाटत नाही.

साम्य आहे, हे मी आधीच मान्य करतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला कराड जितके अंश, जवळजवळ तितकेच अंश दक्षिणेला मलांडा आहे. दोन्हीकडे आकडा सव्वासतराच्या आसपास येतो. सह्याद्री बेसाल्टचा आणि हे पठारही बेसाल्टचेच. फरक वयाचा आहे. आपला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तर इथले ज्वालामुखी भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कालपरवापर्यंत धगधगत होते. त्या ताज्या खडकाची झीज होऊन झालेली लाल माती इतकी खोल आणि भुसभुशीत आहे की नांगरलेले रान पाहिल्यावर मला अजूनही वाकून मूठभर माती हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. ऋतू मात्र उलटे. तुमच्याकडे संक्रांतीचा तिळगूळ वाटला जातो, तेव्हा आमच्याकडे पावसाळा भरात येत असतो. इथले लोक त्याला नुसते "वेट" म्हणतात. जून-जुलैत आग्नेय वाऱ्यांबरोबर येणारी झिमझिम आणि धुके दिवसचे दिवस हटत नाही, आणि एखाद्या निरभ्र रात्री सखल कुरणांवर दहिवर गोठून पांढरे होते.

पण महाबळेश्वरला माणसे विसाव्यासाठी चढून गेली, आणि मलांडाला ती जंगल तोडून गाई पाळण्यासाठी आली. या एका फरकातून बाकीचे सगळे फरक निघतात. तुम्हाला छायाचित्रात दिसते ती हिरवाई म्हणजे वनश्री नव्हे. ते गवत आहे, त्यातही बरेचसे आफ्रिकेतून आलेले किकुयू गवत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या टेकड्यांवर घनदाट वर्षावन होते. वसाहतवाल्यांनी त्याला "स्क्रब", म्हणजे झुडपी रान, असे नाव दिले. ज्याला झुडुपे म्हटले, ते तोडताना मन कचरत नाही, असे मला नेहमी वाटते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यू साउथ वेल्समधून शेतकरी कुटुंबे गुरे घेऊन इथे आली. जमीन मिळे ती रान साफ करण्याच्या अटीवर. 1910 मध्ये रेल्वे मलांडापर्यंत पोहोचली, 1919 मध्ये लोण्याचा कारखाना उभा राहिला. रेड सीडरसारखे मौल्यवान लाकूड विकले गेले. बाकीचे पुष्कळसे जागच्या जागी जाळले गेले.

आणि हे रान निर्मनुष्य नव्हते. ते न्गाजन-जी या आदिवासी लोकांचे घर होते आणि आजही त्यांचे नाते तुटलेले नाही. 2007 मध्ये न्यायालयाने त्यांचा पारंपरिक हक्क मान्य केला. जवळच ईचम आणि बॅरीन ही दोन विवरसरोवरे आहेत. त्यांच्या जन्माची एक कथा या भागातील आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. दोन तरुणांनी नियम मोडला, धरणी हादरली, आकाशाला कधी न पाहिलेला रंग चढला, आणि जमिनीने माणसांना गिळले. ही कथा 1960च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ डिक्सन यांनी नोंदवून घेतली, तेव्हा सांगणाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ही की त्या काळी इथे दाट जंगल नव्हते, मोकळे, विरळ झाडीचे रान होते. पुढे एका विवरसरोवराच्या गाळातील परागकणांचा अभ्यास झाला आणि त्यातून दिसले की इथले वर्षावन पसरले तेच मुळी सुमारे 7600 वर्षांपूर्वी; म्हणजे कथेतली आठवण त्याहूनही जुनी. हे प्रथम समजले, त्या दिवशी मी ईचमच्या काठावर कितीतरी वेळ बसून होतो. आपले लोणार उल्केच्या आघाताने झाले, हे ज्वालामुखीच्या वाफेच्या स्फोटाने. पण लोणार जन्मताना कोणी पाहिल्याची आठवण आपल्यापाशी नाही, ती यांच्यापाशी आहे.

आता माझ्या कामाविषयी. इथे धार काढण्याची पहिली पाळी पहाटे चारच्या सुमारास सुरू होते आणि दुसरी दुपारी तीनला. गाई बारा महिने कुरणावर असतात, रात्रीसुद्धा. गोठा म्हणजे केवळ धार काढण्याची जागा. त्यामुळे वेटमध्ये गुडघाभर चिखलातून दिवसातून चार वेळा ये-जा करताना त्यांचे खूर मऊ पडतात, खडे रुततात, लंगड वाढते, आणि चिखलाने माखलेल्या कासेला कासदाह होतो. त्यात गोचीड आणि गोचीडताप आहेच. कराडकडच्या गोठ्यात शिकलेली पुष्कळशी विद्या इथे जशीच्या तशी कामाला आली, हे सांगताना मला अभिमान वाटतो. थंड हवा खरोखरच लाभते, पण ती पहाटे अडलेल्या गाईच्या मागे, कोपरापर्यंत हात आत असताना पाठीवर पडणाऱ्या पावसाच्या रूपाने.

गावाचे खरे दुःख मात्र हवामानाचे नाही. 2006 साली "लॅरी" चक्रीवादळाने या पठारालाही झोडपले. तरी त्याविषयी बोलताना लोकांचा आवाज शांत असतो. आवाज बदलतो तो 1 जुलै 2000 या तारखेचा विषय निघाला की. त्या दिवसापासून ऑस्ट्रेलियात दुधाचा सरकारी दर संपला आणि भाव बाजारावर सोडला गेला. पुढे 2011 मध्ये मोठ्या दुकानसाखळ्यांनी दूध लिटरला एक डॉलर या भावाने विकायला सुरुवात केली. एके काळी ज्या गावाचे दूध डार्विनपर्यंत जात होते, त्या गावाभोवतीचे पुष्कळसे गोठे एकेक करून बंद पडले. कोणी मांसाची गुरे पाळली, कोणी अव्होकॅडो लावले, कोणाची मुले खाणीत कामाला गेली. मी ज्यांच्या गाईंची सोडवणूक केली, त्यांच्यापैकी काहींचे कळप लिलावात जाताना मी पाहिले आहेत. शेवटची धार काढून झाल्यावर यंत्र बंद होते आणि जी शांतता पसरते, ती मला ओळखीची होती; दुधाला भाव नाही म्हणून गाई विकणारी माणसे मी कराड तालुक्यातही पाहिली होती.

मग मी इथे का राहतो? कारण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी रान तोडले, त्यांतलीच काही माणसे आता ते परत लावत आहेत, आणि त्यात मला हात लावता येतो. या लाल मातीवरच्या एका खास प्रकारच्या वनाला "माबी" म्हणतात. झाडावर राहणाऱ्या कांगारूचे ते इथल्या भाषेतील नाव. या वनाचे आता छोटे छोटे तुकडेच उरले आहेत, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना तो कांगारू रस्त्यावर गाडीखाली येतो. 1982 मध्ये स्थापन झालेली "ट्रीट" नावाची स्थानिक संस्था ईचमजवळच्या रोपवाटिकेत स्थानिक झाडांची रोपे तयार करण्याचे काम करते. 1990च्या दशकात एका शेतातून वाहणाऱ्या ओढ्याकाठी सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा वृक्षपट्टा लावून बॅरीनचे रान गडगरा या जंगलाशी जोडले गेले. शेतकऱ्याने जमीन सोडली, गाईंना कुंपण घातले, आणि काही वर्षांतच पट्ट्यात कोणी न लावलेली झाडे उगवू लागली. त्यांच्या बिया पक्ष्यांनी आणल्या होत्या.

शुक्रवारी सकाळी स्वयंसेवक रोपवाटिकेत जमतात. सवड असेल त्या शुक्रवारी मीही जातो. मागच्या वेळी माझ्या वाट्याला फळांचा गर काढून बिया धुण्याचे काम आले. फळे सिझिजियम प्रजातीतील होती, म्हणजे आपल्या जांभळाच्या सख्ख्या नात्यातील. शेजारच्या आजींनी विचारले, तुमच्याकडे हे झाड असते का? महाबळेश्वरच्या रानात जांभूळच जांभूळ आहे, असे मी त्यांना सांगितले. मग त्यांनी महाबळेश्वर कसे आहे ते विचारले, आणि बादलीतल्या बिया संपेपर्यंत मी त्यांना तेच सांगत राहिलो.