माळकऱ्याने सिग्नल तोडला तर पाप लागतं का?

"मॅडम, तुम्ही माळकरी आहात म्हणून विचारते. सिग्नल तोडला तर पाप लागतं का हो?"

सासवडमध्ये गाडी शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. हा प्रश्न किती जणांनी विचारला त्याची मोजदाद नाही. कोणी हाफ क्लच शिकताना विचारतं, कोणी लायसन्स मिळाल्याचे पेढे देताना. आमच्या भजनी मंडळातल्या बायका तर उत्तरही सोबत घेऊन येतात: "सरकारचा नियम वेगळा, देवाचा वेगळा. दंड भरला की विषय संपला." ही माणसं चेष्टेनं विचारत नाहीत. एकादशी न चुकवणारी, खोटं बोलताना जीभ अडखळणारी माणसं आहेत ही. देवाच्या वहीत लाल दिव्याचं पान आहे की नाही, हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असतं.

माझं उत्तर हो असंच आहे. माळ घातलेल्या माणसावर रस्त्याचा नियम पाळण्याचं बंधन आहे, आणि ते पोलीस बघत असो वा नसो आहे. हे उत्तर मला कीर्तनात मिळालं नाही. ते मिळण्याआधी एका बाईचा हात मोडला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. एकादशीची संध्याकाळ. शेजारच्या गावात कीर्तन होतं आणि मला उशीर झाला होता. त्या गावाचा फाटा हमरस्त्याच्या पलीकडच्या अंगाला आहे. मध्ये दुभाजक. नियमानं जायचं तर फाटा मागे टाकून दीड किलोमीटर पुढे जायचं, तिथल्या मोकळ्या जागेतून वळायचं आणि तेवढंच परत यायचं. पण फाट्याच्या अलीकडेही दुभाजकाला एक खिंडार आहे. तिथून पलीकडे शिरलं की कडेकडेनं उलट्या बाजूनं दोनशे पावलं, की फाटा. सगळं गाव तसंच जायचं. मीही शेकडो वेळा तशी गेले होते. दिवसभर पोरांना "डावी बाजू सोडू नका" म्हणून ओरडणारी मी.

स्कूटीच्या डिकीत टाळ होते, कपाळाला बुक्का. समोरून एक बाई तिच्या गाडीवर, तिच्या हक्काच्या बाजूनं येत होती. मला चुकवायला तिनं हँडल वळवलं, चाक खडीवर गेलं आणि ती पडली. मी पळत गेले. तिचं डावं मनगट असं वाकलं होतं की नजर तिथे ठरेना. पायाशी स्टीलचा डबा उघडा पडला होता आणि शाबूची खिचडी मातीत सांडली होती. तिचीही एकादशी होती. मी तिला उठवायला वाकले तेव्हा माझी माळ ब्लाऊजच्या बाहेर लोंबत होती. तिनं माळेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "ताई, माळ घातलीय तुम्ही."

एवढंच. शिवी नाही, शाप नाही.

दवाखान्याचा खर्च मी केला. ती घरून पोळीभाजीचे डबे द्यायची. हात दीड महिना प्लॅस्टरमध्ये, कणीक मळणार कशी? तिची गिऱ्हाइकं तुटली. मी जमेल तेवढ्या पोळ्या लाटून दिल्या. तिनं मला माफ केलं, मनापासून केलं. आषाढीला अजून आमच्याकडे येते. तरी ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

आता नीट ऐका, कारण प्रश्नाचा खरा पेच इथे आहे. "पुण्य पर उपकार पाप ते परपीडा" हे तुकोबांनी सांगितलेलं आपण सगळे म्हणतो. मग त्या संध्याकाळी पाप घडलं यात शंका नाही, पीडा तर झालीच. पण त्याआधी शेकडो वेळा मी त्याच दोनशे पावलांतून उलटी गेले आणि कुणालाही ओरखडासुद्धा उमटला नाही, त्या वेळांचं काय? बहुतेक जण म्हणतील, काही झालं नाही म्हणजे पाप नाही. मीही तेच धरून चालले होते. आता तसं वाटत नाही. त्या शेकडो वेळा आणि त्या एका वेळेत मी काहीही वेगळं केलं नव्हतं. समोरून कोण येतंय, एवढाच फरक होता, आणि तो माझ्या हातात नव्हता. त्या प्रत्येक वेळी मी कुणाचं तरी मनगट पणाला लावत होते.

ती बाई भरवशावर येत होती. समोरून कोणी उलटं येणार नाही, हा तो भरवसा. तिनं मला कधी पाहिलं नव्हतं, तरी तिनं जीव माझ्या हवाली केला होता. रस्त्यावरचा नियम म्हणजे हा अनोळखी माणसाचा विश्वास. तो मोडणं हा विश्वासघात, आणि विश्वासघाताला पाप म्हणायला कोणत्याच महाराजांची हरकत नसावी.

यावर हुशार पोरं विचारतात, "पण डावी बाजू देवानं कुठे सांगितलीय?" नाहीच सांगितली. स्वीडनमध्ये लोक डावीकडूनच गाड्या चालवायचे. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाच वाजता त्या देशानं बाजू बदलली आणि सगळे उजवीकडून चालवू लागले. आदल्या दिवशी जे बरोबर होतं तेच दुसऱ्या दिवशी कुणाचा जीव घेणारं ठरलं असतं. बाजू माणसं ठरवतात. पण एकदा ठरली की तिच्यावर लोकांचे जीव टांगलेले असतात, आणि तिथून पुढे ती नुसती सरकारची बाब राहत नाही.

आणि माणसांनी घालून दिलेली शिस्त पाळणं आपल्याला नवं आहे का? वारीत बघा. माउलींच्या पालखीची आज दिसते ती शिस्त आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात लावली. रथापुढे सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, कोण कुणाच्या पुढे चालणार हे ठरलेलं. कोणी उशीर झाला म्हणून मधल्या दिंडीत घुसत नाही. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी पालखीची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड वर करतात आणि टाळ-मृदंगाचा एवढा गजर क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. मी हे लहानपणापासून आमच्या सासवडच्या तळावर बघत आलेय. लाखभर माणसं एका उचललेल्या हातासाठी गप्प होतात आणि कोणी विचारत नाही की हा दंड ज्ञानेश्वरीत कुठे लिहिलाय. मग तीच माणसं हडपसरच्या चौकात पोलिसाचा वर झालेला हात बघून गाडी पुढे कशी दामटतात, हे मला उमगत नाही.

खरं तर रस्त्याची किंमत वारकऱ्याइतकी कोणाला कळावी? आपण रस्त्यानं चालणारी माणसं. १९ नोव्हेंबर २०१९ ला नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरहून आळंदीला चालली होती, तेव्हा आमच्या दिवे घाटात एक जेसीबी दिंडीत घुसला. दोघे गेले, त्यांत नामदेवांच्या वंशातले एक महाराज होते. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनीत कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार शिरली आणि सात वारकरी गेले. अशा बातमीवर आपण हळहळतो, त्या ड्रायव्हरला बोल लावतो. पण चालताना वारकरी असलेला माणूस स्टेअरिंगवर बसला की वारकरी राहत नाही का?

हेल्मेटचं मात्र मी थोडं वेगळं मानते. सगळे नियम एका तोलाचे नसतात. पीयूसीची मुदत चार दिवसांनी टळली आणि दारू पिऊन गाडी चालवली, या दोन गोष्टी एका पारड्यात घालणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. हेल्मेट नाही घातलं तर आधी आपलं डोकं फुटतं. पण २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ५०,०२९ हेल्मेट न घातलेली होती, आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेली. त्या मागे बसलेल्यांत कुणाची तरी आई असेल, कुणाची तरी लेक. देह देवानं दिलेला म्हणता ना, मग तो सांभाळायलाच दिलाय.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कायद्यानं श्रद्धेला जागा ठेवलेली आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९: पगडी बांधलेल्या शीख माणसाला हेल्मेटची सक्ती नाही. श्रद्धा आणि नियम खरोखर आमनेसामने आले तिथे कायदा थांबला. आपल्या माळेला लाल दिव्यापाशी थांबायची अशी कोणती अडचण आहे? कोणता संप्रदाय सांगतो की ट्रिपल सीट गेलंच पाहिजे? श्रद्धेचं नाव घेऊन आपण आपली घाई पुढे करतो.

गाडी शिकायला आलेल्या एका शाळेतल्या सिस्टरनी मला सांगितलं होतं, २००७ साली व्हॅटिकननं गाडी चालवणाऱ्यांसाठी दहा आज्ञा काढल्या, आणि त्यांतली पहिली "हत्या करू नकोस" ही आहे. बायबलमधलीच आज्ञा, स्टेअरिंगवर बसलेल्याला नव्यानं सांगितलेली. मला ते फार पटलं.

नंबरप्लेटचंही बोलायलाच हवं. माझ्याकडे एक मुलगा यायचा. त्याच्या जुन्या मोटारसायकलचा नंबर २१४, आणि तो त्यानं असा वळवून लिहून घेतला होता की वाचणाऱ्याला "राम" दिसावं. भक्तीनंच केलं होतं त्यानं. मी त्याला विचारलं, "उद्या तुझी धडक बसून कोणी रस्त्यात पडलं आणि तू घाबरून पळालास, तर बघणारा पोलिसाला काय सांगेल? राम पळाला म्हणून?" तो बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या आठवड्यात साध्या आकड्यांची प्लेट लावून आला आणि रामाचं छोटं चित्र टाकीवर चिकटवलेलं होतं. तिथे ते शोभतही होतं.

रात्री दोन वाजता रिकाम्या चौकात थांबायचं का, हेही नेहमी विचारतात. मी थांबते. रस्ता रिकामा आहे हे माझ्या डोळ्यांना वाटतं. मलाही न दिसणारा कोणी दिवा न लावता सायकलवरून येत असेल. मागून अँब्युलन्स आली तर मात्र मी जागा करून देते, दिवा कोणताही असो. एकदा आमच्या गल्लीतल्या पोरीला कळा सुरू झाल्या तेव्हा पहाटे हॉर्न वाजवत, चौकाचौकात वेग कमी करून, दोन सिग्नल मी ओलांडले. पुढे चलान आलं, ते भरलं. त्या रात्रीचं मला काही वाटत नाही. चौकात अडवल्यावर पोलिसाच्या हातावर दोनशे टेकवून सुटणाऱ्या माळकऱ्यांचं मात्र मला वाईट वाटतं. एका चुकीवर ते दुसरी चूक रचतात आणि त्या पोलिसालाही त्यात ओढतात.

नियम चुकीचा असू शकतो, हेही मला मान्य आहे. त्या फाट्यासमोर दुभाजकाला वळायची जागा हवी होती, यात शंकाच नाही. गावातल्या बायकांच्या सह्या घेऊन आम्ही अर्ज दिला आहे, एकदा नाही, तीनदा. अजून जागा झालेली नाही. चौथा अर्ज या महिन्यात देणार आहोत.

तोवर मी दीड किलोमीटर पुढे जाऊन वळते. जाऊन येऊन साडेचार मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. तेवढ्यात हरिपाठाचे तीन अभंग होतात. कीर्तनाला उशीर झाला असेल तर दारापाशी, चपलांच्या शेजारी बसते.