तळपायाची खाज

महिन्याच्या ९ तारखेला आमच्याकडे गरोदर बायकांची तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून सगळीकडेच आहे, पण आमच्या पट्ट्यात त्याला नुसतं 'नऊ तारीख' म्हणतात. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, स्टाफ नर्स आहे. जंगलाच्या कडेचा भाग, जुलैमध्ये पाऊस लागला की रस्ते, लाईट, मोबाईलची रेंज सगळं एकदमच जातं. गेल्या पावसाळ्यातल्या एका नऊ तारखेबद्दल लिहायचं आहे, जिच्याबद्दल लिहितेय तिला विचारूनच लिहितेय आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही.

त्या दिवशी पाऊस असूनही गर्दी होती. रोप लावणीचे दिवस, म्हणजे घरातलं प्रत्येक माणूस शेतात, तरी आशाताईंनी घरोघर जाऊन बायका गोळा करून आणल्या होत्या, कुणी टमटमने कुणी छत्री घेऊन चालत. अशा दिवशी तक्रारी ठरलेल्या असतात. उलट्या, छातीत जळजळ, पायात गोळे, कंबर, शौचाला साफ होत नाही. मी ह्या तक्रारींना किरकोळ म्हणत नाही, रात्रभर जळजळ होऊन पहाटे पाचला उठून भाकऱ्या थापणाऱ्या बाईला ती किरकोळ नसतेच. आणि बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो, फक्त कोणी नीट सांगितलेला नसतो. सकाळी उठल्या उठल्या मळमळतं तिला मी सांगते की उशाशी मूठभर चिरमुरे नाहीतर सुकी भाकरी ठेव, आधी ते खा मग अंथरुणातून ऊठ, चहा नंतर. जळजळ होते तिने रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, दोन तास तरी जाऊ द्यायचे, डोक्याखाली नुसती उशी वाढवून मान वाकडी होते म्हणून पाठीखालपासून उंच करायचं, आणि रोज उठून सोडा नाहीतर इनो घ्यायचा नाही, त्यात मिठातलंच सोडियम असतं. पोटरीत गोळा आला तर चोळत बसण्याआधी पाय सरळ करून बोटं स्वतःकडे ओढायची.

सगळ्यात जास्त वेळ माझा जातो तो लाल गोळीवर, म्हणजे लोहाच्या. मळमळतं, शी काळी होते, खडा होतो, म्हणून निम्म्या बायका गोळ्या डब्यात साठवून ठेवतात आणि आशाला सांगतात घेतो म्हणून. त्यांना ओरडून काही होत नाही. शी काळी होणं हे गोळीमुळेच, त्यात भिण्यासारखं काही नाही हे एकदा समजलं की निम्मी भीती जाते. चहाबरोबर घेऊ नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नको, मधे दोन तास ठेव, रिकाम्या पोटी झेपत नसेल तर रात्री जेवून घे, लिंबू पिळ, पाणी जास्त पी, पालेभाजी खा. एवढं सांगितलं की पुढच्या महिन्यात हिमोग्लोबिन बदललेलं दिसतं. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि आमच्याकडे ९-साडेनऊवाल्या बायका पुष्कळ.

तर ह्या रांगेत ती आली. पहिलटकरीण, आठवा सुरू, तायी कार्ड म्हणजे गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड, त्याच्या हिशोबाने ३४ आठवडे. सोबत सासू. नवरा गोव्याला कामाला, आमच्याकडचे बरेच जण असतात तसा. बीपी ११८/७६, लघवीत प्रोटीन नाही, हिमोग्लोबिन १०.४, बाळाचे ठोके छान, पोटाची उंचीही बरोबर. "काही त्रास?" विचारलं तर सासूच बोलली, "काय न्हाई ओ सिस्टर, ठीक हाय सगळं, जरा खाज सुटत्या पायास्नी, चिखल्या झाल्यात, बांधावरनं जात्या न्हवं न्याहारी घेऊन."

जुलैमध्ये आमच्याकडे कुणाच्याही पायाला खाज असेल तर ते चिखल्याच असतं, दिवसभर चिखलात पाय. तिला आधी एका ठिकाणी मलम आणि ॲलर्जीची गोळीही मिळाली होती. कार्ड भरून देऊन पुढचीला बोलवायचं एवढंच बाकी होतं, पण बीपीचा पट्टा सोडताना मला दिसलं की ती दुसऱ्या हाताचा तळवा टेबलाच्या कडेवर घासतेय. थांबून थांबून, तिचं लक्षही नव्हतं तिकडे. मनगटावर आणि कोपराच्या आत नखांचे ओरखडे, काही जुने काही ताजे.

"हाताला पण खाजतंय काय गे?"

"व्हय."

"कधी जास्त?"

मग ती बोलायला लागली. "रात्री ओ सिस्टर. दिवा घालवला की सुरू होतंय. तळपाय, तळहात, आत कुठंतरी खाजल्यासारखं, वरनं खाजवून कायच होत नाही. मी उठून न्हाणीत जाऊन फरशीवर पाय टेकून बसतो, गार लागतंय म्हणून. दोन आठवडे नीट झोपलो नाही बघा." आणि सासूकडे बघून गप्प झाली. घरात सगळे म्हणाले होते की उष्णता आहे, बाळाला जावळ येतंय म्हणून खाजतंय, आम्हालाही झालं होतं.

मी तिला कॉटवर घेतलं आणि पायाची बोटं एकेक फाकवून बघितली. चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात, कातडी पांढरी पडते, चिरा जातात, वास येतो. तिच्या बेचक्या स्वच्छ होत्या. तळव्यावर पुरळ नाही, फोड नाही, गांधी नाहीत, खरूज असते तशा बोटांमधे पुटकुळ्या नाहीत. फक्त ओरखडे. शेवटच्या तीन महिन्यांत, अंगावर काही न उठता, तळहात-तळपायाला सुटणारी आणि रात्री वाढणारी खाज, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं, पण समोर असं स्पष्ट कधी आलं नव्हतं. लघवीचा रंग विचारला तर म्हणाली हळदीसारखी गडद होतेय, पाणी कमी पिते म्हणून असेल. शीचा रंग विचारला. लाल गोळी रोज घेणाऱ्या बाईची शी काळपट हवी, ही म्हणाली "मातीच्या रंगाची, फिकट". डोळे बघितले, पिवळे वाटले नाहीत.

आमचे डॉक्टर कानडी, मराठी त्यांना चांगलं समजतं, त्यांनी सगळं परत विचारून घेतलं आणि म्हणाले कोलेस्टॅसिस असेल, बेळगावला पाठवू या आजच. साध्या भाषेत सांगायचं तर गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे काही बायकांच्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही, मग पित्तातली आम्लं रक्तात साचतात आणि खाज सुटते. आईला खाजेशिवाय फार काही होत नाही, बाळंत झाली की थोड्या दिवसात आपोआप जातं. काळजी बाळाची असते. दिवस भरायच्या आत कळा येऊ शकतात, बाळ पोटातच शी करू शकतं, आणि आम्लं खूपच वाढलेली असतील तर बाळ अचानक पोटातच जाऊ शकतं, आदल्या दिवशी ठोके चांगले असले तरी.

हे घराण्यात असू शकतं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, आईला किंवा बहिणीला असं काही झालेलं का. तिला माहीत नव्हतं. माहेर चंदगड तालुक्यात, राज्य दुसरं पण गाडीने काही तासांचं अंतर. रेंज फक्त व्हरांड्याच्या टोकाला येते म्हणून तिथे उभं राहून पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी विचारलं, मावशी, तुमच्या वेळेला शेवटच्या महिन्यात हातापायाला खाज सुटलेली काय. पलीकडे बराच वेळ काही नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाली, "सुटलेली की. थोरल्याच्या वेळेला. रात रात बसून काढली. ते पोटातच गेलं न्हवं नववा लागल्यावर." पोरीला एवढंच माहीत होतं की आपल्याआधी एक होऊन गेलेलं. खाजेचं तिला कोणी बोललेलं नव्हतं, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल हे आईच्याही मनात इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं. पोरगी तिथेच व्हरांड्यात रडायला लागली, मी तिला धरून आत आणलं.

पुढचा तास सगळ्यात अवघड गेला. मी यकृताचं, पित्ताचं नाव घेतलं आणि सासू म्हणाली म्हणजे कावीळच ना, मग बेळगाव कशाला, शेजारच्या गावात औषध देतात, नाकात रस घालतात, दंडाला डाग देतात, तीन वाऱ्या केल्या की उतरते. सासू वाईट नव्हती हे मला इथे सांगायचंय. तिने तिच्या घरात त्या औषधाने बरी झालेली माणसं बघितली होती, आणि बेळगावला जायचं म्हणजे रोप लावणी सोडून, नवरा इथे नाही, रात्री कोण थांबणार, पैसे किती, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम आलं. मी तिला म्हटलं, मावशी, साधी कावीळ खूपदा आपली आपण उतरते, म्हणून त्या औषधाला यश येतं. पण पोटुशी बाईला पावसाळ्यातल्या दूषित पाण्याची कावीळ झाली तर तीच जीवघेणी ठरते, आणि हिला जे झालंय असं वाटतंय ते तर वेगळंच आहे, दोन्हीचा निकाल रक्त तपासल्याशिवाय लागणार नाही. झाडपाल्याचा रस पोटात गेला तर आधीच दमलेल्या यकृतावर आणखी ओझं. तरी ती तयार होईना. शेवटी फोनवर विहीणच बोलली तिच्याशी. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मी लांब गेले. सासू परत आली तेव्हा म्हणाली, "गाडी बोलवा सिस्टर."

१०८ यायला वेळ लागला, एका ठिकाणी झाड पडलं होतं रस्त्यावर. तोपर्यंत मी तिला गार पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसवलं, नखं कापून दिली, आणि बाळाची हालचाल कमी वाटली किंवा कळ आली तर वाटेत लगेच सांगायचं हे दोघींना पक्कं सांगितलं. जांबोटी रस्त्याने संध्याकाळी बेळगावला पोचली.

रिपोर्ट आले. एसजीपीटी, म्हणजे यकृताची तपासणी, नेहमीच्या चौपटीच्या वर, काविळीच्या व्हायरसच्या तपासण्या निगेटिव्ह, आणि बाईल ॲसिड, म्हणजे तीच पित्तातली आम्लं, ज्याचा रिपोर्ट यायला काही दिवस गेले, ११८. हे १०० च्या वर असणं म्हणजे काय ते तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना समजावून सांगितलं आणि मीही इथे सांगते. २०१९ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या हजारो बायकांची माहिती एकत्र करून छापली गेली, त्यात आम्लं १०० च्या वर असलेल्यांत शंभरात साधारण तीन बाळं पोटात दगावलेली दिसली, आणि ४० च्या खाली असलेल्यांत हा धोका बाकीच्या बायकांइतकाच. म्हणजे खाज सुटलेल्या प्रत्येकीने घाबरायचं कारण नाही, बहुतेकींचा आकडा खालीच असतो, पण तो आकडा कळायला तपासणी व्हायला पाहिजे.

तिला उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या, त्याने खाज काही जणींची थोडी कमी होते, बाळाचा धोका त्याने टळतो असं काही सिद्ध झालेलं नाही आणि डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं हे मला आवडलं. सैल सुती कपडे, कॅलामाइन, गार पाण्याने अंघोळ, रात्री पंखा. झोप पूर्ण कधी लागली नाहीच. ३६ आठवडे भरल्यावर वाट न बघता कळा आणून बाळंत केलं. मुलगी, २ किलो ४०० ग्रॅम, रडली लगेच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोनवर सांगत होती, "सिस्टर, काल रात्री मी झोपलो, पोरगी उठवली तेव्हाच उठलो."

आई बाळंतपणाला बेळगावलाच येऊन राहिली होती. नंतर बाळाला लस द्यायला सगळ्या आमच्याकडे आल्या तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "माझं थोरलं बी ह्यानंच गेलं असंल काय ओ?" मी सांगितलं की आता ते कोणालाच नक्की सांगता येणार नाही मावशी, असू शकेल, पण तुम्ही काही केलं म्हणून गेलं नाही. तिला आजवर असं ऐकवलं गेलं होतं की ग्रहणात चिरलं, पपई खाल्ली, वजन उचललं. ती बराच वेळ माझा हात धरून बसली होती.

पुढचंही बोलून घेतलं. पुढच्या खेपेला परत होण्याची शक्यता बरीच असते म्हणून सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगायचं. पाळणा लांबवायला हार्मोनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, तिला तांबी बरी वाटली. सहा आठवड्यांनी यकृताची तपासणी परत केली, नॉर्मल आली. आता मी खाज म्हटलं की प्रत्येकीला तीन गोष्टी विचारते, तळहाताला आहे का, रात्री वाढते का, अंगावर काही उठलंय का, आणि आमच्या आशाताईंनाही तेच पाठ झालंय, कार्डावरचं सगळं कानडीत असतं म्हणून त्या घरोघर मराठीत सांगतात.

तिची धाकटी बहीण कोवाडला दिलेली आहे, तेव्हा तिला पाचवा होता. आईने आमच्या दवाखान्यातूनच, त्याच व्हरांड्यातून तिला फोन लावला आणि मी तिकडच्या सिस्टरला द्यायला एका कागदावर सगळं लिहून दिलं, आईला काय झालं, बहिणीला काय झालं, आकडा किती होता, आणि सातव्यापासून प्रत्येक भेटीत खाजेचं विचारा म्हणून.