गल्लीतल्या गाड्या आणि माझी दळपाची वही

गेल्या महिन्यात एका सकाळी माझ्या गिरणीसमोर रस्त्यात पाच किलो ज्वारीचं पीठ सांडलं. समोरच्या घरातली सातवीतली पोरगी डबा कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. मेन रोडकडनं मोटारसायकल आली, हँडल डब्याला लागलं, डबा उडाला आणि पोरगी खाली बसली. कोपर सोललं, एवढ्यावर निभावलं. गाडीवाल्यानं मान वळवून एकदा बघितलं आणि तो गेला.

मी मोटर बंद करून बाहेर आलो तोवर पीठ अजून गरम होतं. जात्यातनं नुकतंच उतरलेलं पीठ बराच वेळ ऊब धरून असतं. त्या ढिगावरनं चाक गेलेलं, टायरची नक्षी स्वच्छ उमटलेली. मी आतून केरसुणी आणेपर्यंत आणखी चार गाड्या त्याच पिठावरनं गेल्या आणि तो पांढरा पट्टा पार पुढच्या वळणापर्यंत ओढला गेला. पोरगी कोपराकडं बघत नव्हती. "आई वरडंल" एवढंच म्हणत होती. तिला घरातली ज्वारी दळून दिली, डब्याचं झाकण ठोकून सरळ केलं आणि रस्ता ओलांडून दारापर्यंत सोडून आलो.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

आमची गल्ली कोल्हापुरातल्या राजारामपुरीतली. इथल्या गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली, दुसरी, तिसरी असे. आमचा नंबर लिहीत नाही, कारण जे आमच्याकडं चाललंय तेच अलीकडच्या-पलीकडच्या गल्लीतही चाललंय. हा भाग आखून वसवलेला. मधोमध मेन रोड आणि त्याला फुटलेल्या सरळ गल्ल्या. वडिलांनी इथं गिरण टाकली तेव्हा संध्याकाळी गल्लीत पोरं विटीदांडू मांडायची आणि बायका दारात बसून गहू निवडायच्या. दळप ठेवायला आलेली बाई अर्धा तास बोलत उभी राहायची, रस्त्याच्या मधोमध. आज तिथं कोणी उभं राहत नाही.

गल्ली सरळ आहे, हाच आता तिचा दोष झालाय. मेन रोडला दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, मधून एकच रांग कशीबशी सरकते. चौकात तटलं की दुचाकीवाला डावीकडं बघतो, मोकळी सरळ गल्ली दिसते, आत शिरतो. त्यात मोबाईलवरचा नकाशा आला. त्याला गल्ली कळत नाही, मिनिटं कळतात. शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्या आमच्या दारात थांबून विचारतात, "रंकाळ्याला असंच जायचं का?" पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी साचलं की त्या बाजूची सगळी धावपळ गल्ल्यांत पसरते. गणपती आगमनाच्या मिरवणुकीला मेन रोड बंद असतो, तेव्हा तर विचारू नका. ते वर्षातनं एकदा, आणि ते आपलंच, त्याबद्दल माझी कुरकुर नाही. रोजच्याचं काय करायचं, हा प्रश्न आहे.

गिरण चालू असली की मला रस्ता ऐकू येत नाही. मोटर, पट्टा, जातं, सगळ्याचा मिळून एक आवाज असतो आणि तीस वर्षांत कान त्याला सरावलेत. लाईट गेली की पट्टा सुटल्यासारखा हळूहळू थांबतो आणि मग बाहेरचं आत येतं. परवा लाईट गेली तेव्हा मी तसाच स्टुलावर बसून राहिलो. हॉर्न, ब्रेक, पुन्हा हॉर्न. समोरच्या माडीवर आजारी असलेल्या आजी दिवसभर हेच ऐकत पडून असतात, हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी कळलं.

मग वही काढली. आमच्याकडं दळपाची वही असते, कुणाचं किती किलो, काय धान्य, पैसे दिले की राहिले. तिची मागची पानं कोरी होती. सकाळी नऊ ते दहा दारात बसलो आणि गाडी गेली की एक रेघ, पाचवी आडवी. एक ओळ ओळखीच्यांसाठी ठेवली, बाकीचं पान परक्यांसाठी. गल्लीतली प्रत्येक गाडी मला माहीत आहे, कुणाचा सायलेन्सर फुटलाय, कुणाची डिकी बंद होत नाही इथपर्यंत. दहा वाजता वही मिटली तेव्हा ओळखीच्यांची ओळ अर्धीच भरली होती आणि परक्यांच्या रेघांनी तीन पानं संपली होती. असं सलग सहा दिवस केलं. वारानुसार थोडा फरक पडला, पण ओळखीच्यांची ओळ एकदाही पुरी भरली नाही.

वही घेऊन मी मंडळाच्या हॉलमधल्या बैठकीला गेलो. बैठक रविवारी रात्री नऊला होती. इतकी गर्दी गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीलाही नसते.

पहिल्यांदा कोपऱ्यावरचे मामा उठले. त्यांचं म्हणणं सरळ, मेन रोडच्या तोंडाला लोखंडी गेट लावायचं, दिवसभर बंद. "आमची नातवंडं दारात याला भितात. गेट लावा, इषय सपला." निम्म्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. शिवणकाम करणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "मामा, गेट लावा म्हंतायसा, मग माझी गिऱ्हाइकं कुठनं यायची? रात्री-अपरात्री अँब्युलन्स आली तर किल्ली कुणाकडं शोधायची?" स्टेशनरीवाल्यांनी त्यांचीच री ओढली. एक तरुण पोरगा म्हणाला, वन वे करूया. त्यावर लगेच, कुठल्या बाजूनं? आणि पुन्हा दोन तट.

मग मागच्या गल्लीतला एक जण उठला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, तो आपणहून आला होता. म्हणाला, "तुमी गेट लावलासा की ह्या गाड्या सगळ्या आमच्यात येणार. आमच्याकडं शाळा हाय. तुमची पोरं ती पोरं, आणि आमची?"

हॉल गप्प झाला. मी सहा दिवस रेघा ओढत होतो, पण ह्या गाड्या आमच्याकडून हाकलल्या तर जातील कुठं, हे माझ्या मनात आलं नव्हतं. ज्याच्या गिरणीसमोर पोरगी पडली त्याच्या मनात गेटच येतं, माझ्याही आलं होतं. त्या माणसाचं ऐकल्यावर मी गेटच्या बाजूनं हात वर केला नाही. तेव्हापासून काही जण माझ्याशी नीट बोलत नाहीत. "गिऱ्हाईक जाईल म्हणून फिरला" असं माझ्यामागं म्हटलं गेलं, ते माझ्या कानावर आलंय. ज्यांनी तसं म्हटलं त्यांना सांगतो, गल्लीतनं भरधाव जाणारा माणूस माझ्याकडं दळप टाकत नाही. ते गिऱ्हाईक माझं कधीच नव्हतं.

बैठक मोडली आणि चार दिवसांनी एका रात्रीत गल्लीत स्पीडब्रेकर उगवला. मंडळाच्या पोरांनीच केला, हेतू चांगला होता. पण सिमेंटची उभी, अरुंद धार झाली, भाकरीच्या काठासारखी, आणि पट्टे मारायचे राहिले. दुसऱ्याच रात्री स्कूटरवरून येणारे एक निवृत्त काका त्यावर आपटले. मनगट मोडलं. काका आमच्याच गल्लीतले. रिक्षावाले दोन दिवसांत कडेच्या गटारीला लागून चाक काढायला शिकले आणि दुचाकीवाले ब्रेकरच्या टोकाजवळच्या चिंचोळ्या फटीतनं, म्हणजे जिथं माणसं चालतात तिथनंच, जायला लागले.

मी मग चौकशी केली. रस्त्यांची मापं-मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनं १९८८ मध्ये स्पीडब्रेकरच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्यातला गोल उंचवटा ३.७ मीटर रुंद असतो आणि उंची फक्त १० सेंटिमीटर. म्हणजे गाडी त्यावर चढते आणि उतरते, आपटत नाही. ताशी २५ किलोमीटरनं आरामात जाता येतं, त्यापेक्षा जोरात गेलं की हादरा बसतो. काळे-पांढरे पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी फलक हवा. आमचा ब्रेकर एक हातभर रुंद होता. हातभर आणि पावणेचार मीटर यातच काकांचं मनगट गेलं. पोरांनी तो परवा स्वतःच फोडून काढला. त्यातला एक जण काकांच्या घरी रोज सकाळी दूध पोचवतोय, हेही लिहिलं पाहिजे.

थोरल्या भावाची मुलगी आर्किटेक्चर शिकते. सुट्टीला आली होती, माझी वही उलटीपालटी करून बघत म्हणाली, "काका, मी एक वाचलोय, सांगतो." (आमच्याकडं मुलीही 'मी सांगतो' म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.) डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या माणसानं सॅन फ्रान्सिस्कोत एकमेकांसारखे तीन रस्ते निवडले आणि तिथल्या लोकांशी बोलून १९७२ मध्ये ते छापलं. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणसाला आपल्याच रस्त्यावर सरासरी ३ मित्र होते. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा धड नाही, ०.९. ओळखीपाळखीही निम्म्यावर आलेल्या. तिथली माणसं स्वभावानं वाईट नव्हती. दारात उभं राहणं थांबलं, मग बोलणं थांबलं.

ते ऐकताना मला गहू निवडणाऱ्या बायकाच दिसत होत्या. पन्नास वर्षांपूर्वी, साता समुद्रापलीकडं कुणी तरी आमच्या गल्लीचंच लिहून ठेवलंय असं वाटलं. आमच्याकडं नवे भाडेकरू आलेत, दोन वर्षं झाली. त्यांचं नाव मला दळपाच्या वहीमुळं माहीत आहे. शेजारच्या घराला अजून माहीत नाही.

पुतणीनंच दुसरी गोष्ट दाखवली. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेतली ताकद चौपट होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथं माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर आहेत तिथं ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नका. आमच्या गल्लीला फुटपाथ नाही. म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे त्याच डांबरावर. त्या सकाळची मोटारसायकल संथ असती तर पोरीनं डबा सावरला असता, मला खात्री आहे.

तेव्हा माझं म्हणणं आता असं आहे. गल्ली बंद करायची नाही, पण इथनं गेल्यानं कुणाची मिनिटं वाचणार नाहीत अशी ती करायची. महापालिकेकडनं मापात बसणारे दोन-तीन उंचवटे, पट्ट्यांसह. मेन रोडच्या तोंडाला चार फूट पुढं आलेला कठडा, म्हणजे गाडीला वळताना वेग टाकावाच लागेल. गर्दीच्या वेळेला एका बाजूनं प्रवेश बंद, आणि तोही आमच्या एकट्या गल्लीला नको, आजूबाजूच्या चार गल्ल्यांना मिळून आखलेला. आपण आपलं गेट ठोकायला कायद्यानं परवानगीच नाही. वाहतूक अडवण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ नं सरकारला आणि सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला दिलाय. त्याच कलमात एक सोय आहे. एक महिन्याच्या आतला निर्बंध असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, त्या भागात नीट माहिती दिली की पुरतं. म्हणजे महिनाभर करून बघता येतं. जमलं तर पुढं, नाही जमलं तर सोडून द्यायचं, भांडण न करता.

टोल घालवलेलं गाव आहे हे. तेव्हा पेठा, पुऱ्या, वसाहती सगळ्या एका मोर्चात चालल्या होत्या, मीही गिरण बंद ठेवून गेलो होतो. चार गल्ल्यांनी एका अर्जावर सह्या करणं त्याहून अवघड नसावं.

मागच्या गल्लीतही एक गिरण आहे. तिचा मालक आणि मी वीस वर्षं एकमेकांशी कामापुरतंच बोलतो. दर एक रुपयानं कमी-जास्त झाला की गिऱ्हाईक इकडचं तिकडं होतं, त्यातनं आलेला तो दुरावा. काल संध्याकाळी मी त्याच्या दारात गेलो. तो मिरची कांडपाच्या बाजूला चाळण झटकत होता, मला बघून थांबला. मी वही उघडून रेघा दाखवल्या, ओळखीच्यांची ओळ, परक्यांची पानं. त्यानं बराच वेळ बघितलं. म्हणाला, "आमच्यातलं कोण मोजायचं?"

"तूच. तुला गल्लीतल्या गाड्या माहीत आहेत."

त्यानं आतून स्वतःची दळपाची वही आणली आणि मागचं पान उघडून मला विचारलं, ओळखीच्यांना किती जागा ठेवू. मी म्हणालो, एक ओळ ठेव, आधी बघू. सोमवारी सकाळी नऊला तो त्याच्या दारात बसणार, मी माझ्या. शाळा सुटायची वेळ त्यानं आपणहून वाढवून घेतलीय, साडेपाच ते साडेसहा.