परिपाठातला हवामान अंदाज

सोमवार, सप्टेंबरचा पहिला आठवडा

सोलापुरातल्या शाळेत हवामानाच्या नोंदी सुरू करायच्या तर सप्टेंबरच बरा. जून-जुलैत पश्चिमेचे वारे आपलं पाणी सह्याद्रीवरच ओतून येतात. इथे ढग नुसते पळताना दिसतात आणि मुलं बरेच दिवस शून्य लिहून कंटाळतात. भर पावसाचा महिना आपल्याकडे सप्टेंबर. दुपारचा उकाडा, तीननंतर चढणारे ढग, संध्याकाळी गडगडाट. अंदाज बांधायला काहीतरी हाताशी असतं.

पर्जन्यमापक विकत आणायची गरज नाही, बाटलीच्या तोंडात नरसाळं बसवलं की झाला. नरसाळं मात्र मोजपट्टी घेऊनच आणावं. तोंडाचा व्यास 11.3 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ 100 चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे 10 मिलिलिटर पाणी बरोबर 1 मिलिमीटर पाऊस. 14 सेंटिमीटरचं मिळालं तर 1 मिलिमीटरला 15.4 मिलिलिटर धरायचे; चालतं, पण सातवीच्या पोरांचा निम्मा वेळ भागाकारात जातो. पाणी मोजायला सुई काढलेली 20 मिलिलिटरची सिरिंज उत्तम. बाटली वाळूच्या बादलीत रोवावी, म्हणजे वाऱ्याने कलंडत नाही. नरसाळ्याची कड जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटर वर आणि आडवी समपातळीत. नरसाळं आणि बाटलीच्या तोंडातली फट चिकटपट्टीने बंद करायची, नाहीतर रात्रीची भुरभुर सकाळच्या उन्हात उडून जाते.

जागेवरून वाद होतोच. पोरं खोड्या काढतात म्हणून बादली गच्चीवर ठेवायचा मोह होतो. तिथे वारा कठड्यावर आपटून वर उसळतो, थेंब नरसाळ्यावरून पलीकडे जातात आणि पाऊस कमी भरतो. पटांगणातही झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट लांब: कडुलिंब 8 मीटरचा, तर बादली 16 मीटरवर. पत्र्याच्या पागोळ्यांचे शिंतोडे पोचतील अशी जागा तर नकोच.

बुधवार

तापमापक वर्गाच्या पश्चिमेच्या भिंतीवर लटकवला की दुपारनंतर भिंतीचंच तापमान वाचलं जातं. त्याऐवजी लाकडी झडपांची पांढरी पेटी, दार उत्तरेकडे, तापमापकाचा फुगा जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास. आर्द्रतेसाठी शेजारी दुसरा तापमापक, त्याचा फुगा ओल्या मलमलीत गुंडाळलेला; या ओल्या फुग्याच्या मलमलीला बोअरचं पाणी घालू नये. क्षार साचून कापड कडक होतं, पाणी वर चढत नाही, ओला फुगा जास्त तापमान दाखवतो आणि एप्रिलमधलं सोलापूर कागदावर कोकणासारखं दमट होतं. कोरडा 40, ओला 22 असेल तर आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास यायला हवी. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजवाल्याकडे मिळतं.

सर्वात जास्त घोळ तारखेचा. हवामान खात्याची मुख्य नोंद सकाळी साडेआठची. त्या वेळी वाचलेलं किमान आजचं, पण कमाल कालचं आणि पाऊसही गेल्या 24 तासांचा. मुलं तिन्ही आकडे आजच्या रकान्यात टाकतात. मग आलेखात कमाल तापमानाची घसरण एक दिवस पुढे सरकते, आणि त्यावरून भलतेच निष्कर्ष निघतात. नोंदवहीत 'कालचं कमाल' असा वेगळा रकानाच आखावा. रविवारचं पाणी सोमवारी मोजलं तर 'दोन दिवसांची बेरीज' असं लिहायचं. नोंद चुकली तर आडवी रेघ. शून्य म्हणजे पाऊस मोजला आणि पडला नव्हता. रेघ म्हणजे मोजलंच नाही.

शुक्रवार

आता मोबाइलमधला वायुभारमापक. सकाळी दहाला एक आकडा, दुपारी चारला त्याहून तीनेक हेक्टोपास्कल कमी, की कुणीतरी ओरडतं, "सर, दाब पडला, पाऊस येणार!" आपल्या अक्षांशावर दाब रोजच असा हलतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. कोरड्या ठणठणीत दिवशीही. म्हणून आजच्या चारची तुलना कालच्या चारशीच. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच. फोन साडेनऊशेच्या घरातला आकडा दाखवतो आणि बातमीतल्या नकाशावर हजाराच्या पुढचा असतो. फोन बिघडलेला नाही.

वाऱ्याची दिशा म्हणजे तो येतो ती दिशा, हे दर आठवड्याला परत सांगावं लागतं.

शनिवार

परिपाठात सुविचार आणि दिनविशेषानंतर दीड मिनिट अंदाजाला. बोलायचा क्रम: काल काय झालं, आज काय वाटतं, कशावरून, खात्री किती. 'पावसाची शक्यता आहे' हे वाक्य बाद करायचं, कारण ते कधीच खोटं ठरत नाही. त्याऐवजी: 'आज दुपारी 3 ते उद्या सकाळी साडेआठ, शाळेच्या पर्जन्यमापकात 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. खात्री 60 टक्के.' 2.5 ही खात्याचीच पावसाळी दिवसाची मर्यादा. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत वासराच्या वागण्यावरून भाकणूक होते, तिला कुणी मोजपट्टी लावत नाही आणि लावूही नये. परिपाठातल्या अंदाजाला लावायची.

खात्याचं पत्रक वाचताना सोलापूर 'मध्य महाराष्ट्र' या विभागात शोधावं. शेजारचं धाराशिव मराठवाड्यात मोडतं. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर, तेव्हा आपल्या पटांगणात थेंब नाही पडला तरी पत्रक चुकलं असं होत नाही. नकाशासमोर मुलांकडे तोंड करून उभं राहिलं की ईशान्येचं धाराशिव डावीकडे येतं, आणि हात हमखास सांगलीकडे जातो.

महिनाअखेरीस अंदाज सांगणाऱ्या प्रत्येक गटाचा चार घरांचा तक्ता: सांगितला-पडला, सांगितला-पडला नाही, सांगितला नाही-पडला, सांगितला नाही-पडला नाही. नुसती टक्केवारी काढली तर रोज 'पाऊस नाही' म्हणणारा गट पहिला येतो, कारण आपल्याकडे बहुतेक दिवस कोरडेच. त्यामुळे चौथं घर सोडून उरलेल्या तिन्हींच्या बेरजेने पहिल्या घराला भागायचं. तापमानासाठी 'जे काल तेच आज' हा एक खोटा गट स्पर्धेत ठेवावा. एप्रिलमध्ये त्याला हरवणं भल्याभल्यांना जमत नाही, सप्टेंबरात जमतं.