गणिताचे सर विधान परिषदेत

सरांनी आम्हाला आठवी ते दहावी गणित शिकवले. पुढे ते नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले, हे आपल्या शाळेत सर्वांना ठाऊक आहे. आमदार म्हणून त्यांनी नेमके काय केले, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. मी स्वतः शिक्षिका झाले, त्यामुळे ते काम मला जवळून बघायला मिळाले.

नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव आणि नगर असा पाच जिल्ह्यांचा हा मतदारसंघ. एका टोकाला सातपुड्यातले धडगाव, दुसऱ्या टोकाला जामखेड. परिषदेच्या 78 जागांपैकी शिक्षकांच्या मतांनी निवडल्या जाणाऱ्या अवघ्या 7. मतदान पसंतीक्रमाचे असते. मतपत्रिकेवर चिन्ह नसते, नावापुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा कुणालाच गाठता आला नाही, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली जाते. प्रचाराला गेले की सर शिक्षकखोलीत फळा मागवून हे सगळे मांडून दाखवत. इतकी शिकलेली माणसे, तरी चुकीची खूण केल्याने मते बाद होतात, याचे त्यांना मनापासून वाईट वाटे. "मत कुणालाही द्या, पण वाया घालवू नका," एवढेच त्यांचे भाषण.

रविवारी सकाळी पंचवटीतल्या त्यांच्या घरी ओसरीवर माणसे बसलेली असत. कुणाचा पगार थकलेला, कुणाची वैयक्तिक मान्यता, म्हणजे नेमणुकीला शिक्षण विभागाची मंजुरी, रखडलेली, कुणाला नुसते तोंडी सांगून घरी बसवलेले. सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अर्जाची पोच घेतलीत का?" खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली कायम हाताशी. त्यातला नियम ते समोरच्यालाच मोठ्याने वाचायला लावत आणि अर्जही त्याच्याच हाताने लिहून घेत. फोनवर दरडावून कामे करून घेणारे आमदार मी पुढे पाहिले. सरांच्या पद्धतीला वेळ लागे, पण तो शिक्षक पुन्हा कुणापुढे हात जोडायला जात नसे. मला ती पद्धत आजही जास्त मोलाची वाटते.

सभागृहातही तेच. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. सर उपप्रश्नांची तयारी आधीच्या रात्री वहीत करत, पाठाचे टाचण काढावे तशी.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. या मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत असते, प्राथमिक शिक्षकांना नसते. तरीही सुरगाणा-पेठकडचे जिल्हा परिषद शाळांचे गुरुजी त्या ओसरीवर बसलेले असत आणि त्यांचे कागद आधी बघितले जात, कारण त्यांना परतीची एसटी गाठायची असे.

मी विनाअनुदानित शाळेत लागले. 2001 पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणूनच परवानगी मिळे. शिक्षकांच्या लढ्यानंतर 2009 मध्ये 'कायम' शब्द निघाला, आणि 20 टक्के अनुदानाचा टप्पा हातात पडायला 2016 उजाडले. मधली वर्षे आम्ही शिकवण्या घेऊन काढली. सर तेव्हा आमदार नव्हते, वयही झाले होते. तरी आझाद मैदानावर ते आमच्यासोबत येऊन बसले, आणि निवेदनातली प्रत्येक तारीख त्यांनी स्वतः तपासली. मंडपात कुणी त्यांना व्यासपीठावर बोलावले, तर ते गेले नाहीत.

सुवर्णमहोत्सव समितीला माझी एक विनंती आहे. विधान परिषदेची कार्यवाही छापील असते. सरांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे मिळवून, बांधून घेऊन शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत. खर्चाचा वाटा आमची दहावीची तुकडी उचलेल, आणि कार्यवाहीतून पाने शोधून काढण्याचे काम मी करीन.