पांढऱ्या चिपीच्या गावी

वेंगुर्ल्याला आलेली मंडळी बंदर बघतात, सागरेश्वरला पाय भिजवतात आणि मालवणच्या वाटेला लागतात. मांडवी खाडी बहुतेकांची राहूनच जाते. इथे बचत गटाच्या बायका वल्ह्याची होडी चालवतात आणि काठाचं कांदळवन दाखवतात, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळ, तिवर, चिपी अशा झाडांचं रान.

आम्ही निघालो तेव्हा नुकतीच ओहोटी लागली होती. भरतीला होडी आतवर जाते हे खरं, पण तेव्हा दोन्हीकडे नुसतं हिरवंगार दिसतं. गंमत आहे ती मुळांत, आणि ती पाणी उतरल्याशिवाय दिसत नाहीत. कांदळाची मुळं खोडातून कमानी टाकत चिखलात उतरलेली, त्यांना कालवं चिकटलेली. तिवराची बोटभर मुळं चिखलातून सरळ वर आलेली. चिपीची तशीच, पण जाड आणि टोकाला निमुळती. या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून मुळांना श्वासासाठी वर यावं लागतं. त्यांच्यामधून निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे छोटे मासे, टुणटुण उड्या मारत होत्या.

वल्हवणाऱ्या ताईंनी तिवराचं पान खुडून हातात दिलं. "ह्यां जिभेक लावन बघा." चांगलंच खारट! पानांतल्या ग्रंथींमधून हे झाड मीठ बाहेर टाकतं. पान उन्हात तिरपं धरलं तर बारीक कण चमकतात. कांदळाचं तंत्र निराळं. तो बरंचसं मीठ मुळांपाशीच अडवतो. शिवाय त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबत राहतं. सुटलं की चिखलात रुततं, नाहीतर पाण्याबरोबर दुसरा काठ शोधायला निघतं.

मी आलो होतो पांढऱ्या चिपीसाठी. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. समुद्राकडची पुढची रांग बहुधा हिचीच. फूल संध्याकाळी उमलतं, रात्री वटवाघळं आणि पतंग त्याच्यावर येतात आणि सकाळपर्यंत पांढऱ्या केसरांचा झुबका गळूनही जातो. आम्हाला पाण्यावर तरंगणारे केसर तेवढे मिळाले. फांदीवर मात्र हिरवी, चपटी फळं होती, बुडाशी चांदणीसारखा निदलपुंज, म्हणजे फुलाखालच्या हिरव्या दलांचा पेला, घट्ट धरून.

त्याच फांदीखाली, मुळांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. त्या काही खाडीत उगवत नाहीत.

जाणार असाल तर ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.